लॅपटॉप चालू, स्क्रीन काळी: बॅकलाइट पुन्हा पुन्हा जात असेल तर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूर तालुक्यातली एक मुलगी आईबरोबर माझ्या बेळगावच्या दुकानात आली. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलमध्ये आणि टॉवेल सॅकमध्ये. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आईनं सगळं सोडवून लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, चालू हाय म्हणते ही, पण दिसत काय न्हाई. परीक्षा तोंडावर आली पोरीची. बगा की जरा."

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागत-विझत होता. स्क्रीन मात्र काळीभोर. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर काचेच्या आत, विहिरीच्या तळाशी दिसावं तसं, पासवर्डचं पान पुसट दिसलं. म्हणजे चित्र होतं, उजेड नव्हता. मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांचा, फ्यूज उडाला होता. तो बदलला, अर्ध्या तासात लॅपटॉप हातात दिला.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. पुन्हा तोच फ्यूज. या वेळी मी पॅनल, म्हणजे स्क्रीनचा अख्खा भाग, तपासलं, बोर्ड तपासला, कुठं काही सापडलं नाही म्हणून नवा फ्यूज घालून दिला. बारा दिवसांनी तिसऱ्यांदा. खानापूरहून दोन बस बदलून येणाऱ्या त्या बाईंचा चेहरा बघून मला मनापासून वाईट वाटलं. फ्यूज तीनदा उडाला याचा अर्थ तो कशामुळं तरी उडत होता, आणि ते कारण मला आधीच्या दोन्ही वेळा सापडलं नव्हतं. हे सगळं लिहायला बसलो ते त्या तिसऱ्या फेरीमुळं. असा लॅपटॉप तुमच्याकडं असेल, किंवा तुम्ही स्वतः दुरुस्तीचं काम करत असाल, तर कुठून कुठं बघत जायचं ते सांगतो.

आधी आत काय असतं ते बघू. एलसीडीची काच स्वतः प्रकाश देत नाही. गणपतीच्या मंडपात पारदर्शक कागदावर रंगवलेलं चित्र लावतात आणि मागं दिवे सोडतात, तसाच हा प्रकार. दिवे गेले तरी चित्र जागेवर असतं, फक्त दिसत नाही. आजच्या लॅपटॉपात पॅनलच्या खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची एक बारीक पट्टी असते. तिचा उजेड मागच्या प्लास्टिकच्या पारदर्शक तक्त्यातून सगळीकडं पसरतो. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. अशा दहा एलईडी एकामागून एक जोडल्या की ३० व्होल्ट झाले. बोर्डाकडून तर १२ किंवा १९ व्होल्टच्या आसपास येतात. म्हणून पॅनलच्या खालच्या लांबट बोर्डावर एक छोटी आयसी (चिप), एक कॉइल आणि एक डायोड मिळून तो विजेचा दाब वाढवतात. आयसीला दोन हुकूम लागतात: एक 'चालू हो', दुसरा 'इतका उजेड दे'. वीज आणि हे दोन्ही हुकूम मदरबोर्डकडून एकाच बारीक केबलमधून, बिजागरीच्या पोटातून वर जातात. उजेड गेला तर दोष यांपैकीच कुठंतरी असतो. काच मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असते.

म्हणून 'डिस्प्ले गेला, पॅनल बदलावं लागेल' असं कुणी टॉर्च न लावताच सांगितलं, तर पैसे देण्याआधी थोडं थांबा. पॅनलला काही हजार रुपये मोजावे लागतात. फ्यूज काही रुपयांत येतो.

टॉर्चची परीक्षा नीट कशी करायची

खोलीतला दिवा बंद करा. लॅपटॉप चालू करून दोन मिनिटं थांबा, म्हणजे विंडोज पूर्ण वर येतं. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून सरळ उजेड टाकला तर तोच परत डोळ्यांवर येतो आणि आतलं काही दिसत नाही. घड्याळ, चिन्हं, बाणाची खूण असं काहीही पुसट दिसलं तर दोष बॅकलाइटचा. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलनं टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र आलं, पण पॅनलवर टॉर्चनंही काही नाही, तर पॅनलची ३.३ व्होल्टची वीज, डेटाच्या तारा किंवा पॅनल यांच्याकडं बघायचं. टीव्हीवरही अंधार असेल तर गोष्ट रॅम, प्रोसेसर किंवा बोर्डापर्यंत जाते. तो विषय वेगळा आहे.

ओएलईडी स्क्रीन असेल तर ही परीक्षा करू नका. तिच्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, मागं दिवा नसतोच.

डेलच्या लॅपटॉपात एक सोय आहे. लॅपटॉप बंद असताना 'डी' हे बटण दाबून ठेवायचं आणि तसंच पॉवरचं बटण दाबायचं. पॅनल स्वतःच एकामागून एक रंग दाखवतं. विंडोजचा त्यात काही संबंध नसतो, त्यामुळं रंग स्वच्छ उजळ दिसले तर पॅनल आणि केबल दोन्हींवरचा संशय बराच उतरतो.

सॉफ्टवेअरचं काम लवकर उरकता येतं. उजेड वाढवायचं बटण दाबून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, तेही करून बघा. मग लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जा. बायोसमध्ये उजेड आहे आणि विंडोज येताच जातो, असं होत असेल तर ड्रायव्हर बदला. बायोसमध्येही अंधार असेल तर विंडोज नव्यानं टाकण्यात वेळ घालवू नका. विंडोज तीन-तीनदा टाकून आणलेले लॅपटॉप माझ्याकडं येतात. त्यात लोकांचे फोटो आणि प्रोजेक्ट गेलेले असतात, फ्यूज मात्र तसाच उडालेला.

चुंबकाचा घोळ

निपाणीचे एक मास्तर तीनदा आले. घरी स्क्रीन अधूनमधून काळी पडते, दुकानात आणली की दिवसभर चालते. शेवटी मी त्यांना म्हटलं, "सर, घरी कसं बसता ते इथंच करून दाखवा." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सवयीनं कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. स्क्रीन विझली. मोबाइलच्या पाकिटासारख्या कव्हरच्या झाकणात चुंबक होतं.

लॅपटॉपचं झाकण मिटलं हे मशीनला कळावं म्हणून स्क्रीनच्या फ्रेममध्ये बारीक चुंबक असतं आणि खाली बोर्डावर ते ओळखणारी छोटी आयसी. दुसरं कुठलंही चुंबक तिथं आलं तरी तिला झाकण मिटल्यासारखंच वाटतं आणि ती उजेड बंद करते. चुंबकी पट्ट्याचं घड्याळ, चुंबकाची बांगडी, खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, यांतलं काहीही पुरतं. उजेड कधी जातो, कधी येतो, असं असेल तर पेचकस हातात घेण्याआधी टेबल रिकामं करून बघा. ही आयसी खराब होऊन कायम 'मिटलं' असंच सांगत राहते, असंही घडतं. तेव्हा वीज वर पोचते, पण 'चालू हो' हा हुकूम येत नाही.

आता केबल

आपल्या भागात बॅकलाइटच्या तक्रारींचा हंगाम असतो. जून ते सप्टेंबर. जांबोटी-कणकुंबीकडं तर वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते, कपाटातल्या वह्यांना बुरशी येते. त्याच खोलीत लॅपटॉप असतो. गावातून कॉलेजला मोटारसायकलवर येणारी पोरं तो सॅकमध्ये पाठीवर घेतात आणि खड्ड्यांत तो आदळत राहतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतून आलेले लॅपटॉप उघडले की बिजागरीतल्या ग्रीसला बारीक तपकिरी धूळ चिकटून त्याचं लुकण झालेलं असतं. ग्रीस घट्ट झालं की बिजागरी जड फिरते. बिजागरी जड झाली की झाकण उघडताना तिच्या बुडाचं प्लास्टिक तडकतं, लोखंडी पट्टी जागेवरून हलते आणि शेजारून गेलेली केबल तिच्यावर घासत राहते. उन्हाळाभर ती नुसती घासते. पावसाची ओल मिळाली की हिरवा गंज धरते.

केबल नुसती तुटत आली असेल तर लक्षण सोपं असतं. झाकण विशिष्ट कोनात असलं की उजेड येतो, थोडं हलवलं की फडफडतो. पण केबलचं वरचं आवरण सोलून आतली बॅकलाइटची तार बिजागरीला टेकत असेल तर उजेड फडफडत नाही, थेट फ्यूज उडतो. मग झाकण कसंही हलवा, अंधार तो अंधारच. कोनाची खूण पुसली जाते आणि तंत्रज्ञ फसतो. मी असाच फसलो होतो.

बिजागरीजवळच्या केबलचं दुखणं महागड्या मशीनलाही चुकलेलं नाही. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनच्या खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसायचे आणि पुढं बॅकलाइटच जायचा. कारण हेच, उघडझाप होताना झिजणारी चपटी केबल. मे २०१९ मध्ये ॲपलनं त्यातल्या १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

मोजायचं कसं

उघडण्याआधी चार्जर काढा. तळाचं झाकण काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून ठेवा. यानंतरच डिस्प्लेच्या केबलला हात लावायचा. हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो. बॅटरी जोडलेली असताना केबल काढली-घातली आणि ती क्षणभर तिरकी बसली, तर बॅकलाइटचे १९ व्होल्ट शेजारच्या डेटाच्या तारांत शिरू शकतात. त्या तारा पुढं थेट प्रोसेसरपर्यंत जातात. दहा रुपयांच्या कामात अख्खा बोर्ड मरतो. फ्यूज उडण्याचंही हे एक मोठं कारण आहे. "आधी कुणी उघडला होता का?" हा प्रश्न मी त्यासाठीच विचारतो.

बोर्डावर केबलच्या सॉकेटजवळ 'एफ' आणि पुढं आकडे छापलेला तांदळाच्या कणीएवढा भाग शोधा. तो फ्यूज. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बीपवर, म्हणजे वाट जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर, ठेवून दोन्ही टोकांना लावा. बीप आला तर फ्यूज शाबूत, नाही तर उडालेला. पॅनलच्या बोर्डावरही बऱ्याचदा असाच एक फ्यूज असतो, तोही बघा.

उडालेला सापडला की लगेच नवा लावायची घाई करू नका. फ्यूजच्या पॅनलकडच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेपर्यंत, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजा. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट आहे, म्हणजे वीज मधेच थेट ग्राउंडला जाते आहे. आता केबल बोर्डाकडून सोडवा. शॉर्ट बोर्डावरच राहिला तर सॉकेटजवळचा एखादा कपॅसिटर फुटलेला असतो. शॉर्ट केबलबरोबर गेला तर केबल पॅनलकडूनही सोडवा आणि नुसती केबल मोजा. मग नुसतं पॅनल मोजा. तिघांपैकी एक सापडतो.

आणि शॉर्ट कुठंच सापडला नाही तर? त्या मुलीच्या लॅपटॉपात नेमकं हेच झालं होतं. मी झाकण टेबलावर काटकोनात उभं करून मोजत होतो. बोर्ड स्वच्छ, पॅनल स्वच्छ, केबलही स्वच्छ. तिसऱ्या वेळी मी तिला विचारलं, "बाळ, अभ्यासाला तू बसतेस कशी?" ती म्हणाली, "भिंतीला टेकून, काका. मांडीवर घेऊन." मांडीवर लॅपटॉप घेतला की तो खाली असतो, म्हणून स्क्रीन मागं ढकलावी लागते. टेबलावर काटकोन पुरतो, मांडीवर झाकण पार मागं जातं.

मल्टिमीटरची एक सुई केबलच्या बॅकलाइटच्या पिनला अडकवली, दुसरी बिजागरीच्या स्क्रूला. मीटर बीपवर. झाकण हळूहळू मागं नेत गेलो. काटकोनात काही नाही. आणखी चार बोटं मागं, काही नाही. शेवटच्या दोन बोटांत मीटर ओरडला. पुढं घेतलं, गप्प. मागं नेलं, पुन्हा ओरडला.

बिजागरी सोडवली. केबलवरची काळी कापडी टेप ब्लेडनं अलगद कापली. आत केसांसारख्या तारांची जुडी होती. बॅकलाइटच्या विजेच्या चार तारांपैकी दोन तारांचं आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं, आणि एकीवर नाचणीच्या दाण्याएवढा हिरवा गंज चढला होता. बिजागरीच्या पोलादी पट्टीवर, बरोबर त्याच जागी, घासून घासून चकचकीत झालेली एक रेघ. भिंगाखाली ती रेघ दिसली तेव्हा महिनाभराचं कोडं सुटलं.

केबल बदलली. उघड्या तारांना टेप गुंडाळून भागवता येतं, पण बिजागरीत रोज वाकणाऱ्या केबलवर मी ते करत नाही. गुंडाळलेला भाग जाड होतो, वाकताना त्याच्या शेजारी नवा ताण येतो आणि सहा महिन्यांत दुसरीकडं तुटतं. केबलवर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवरचा नंबर बघून तीच केबल पुण्याहून मागवली, पाच दिवस लागले. बिजागरीतलं जुनं ग्रीस पुसून नवं घातलं, नट थोडा सैल केला, पट्टीची कड कानशीनं गुळगुळीत केली आणि केबल तिच्यासाठी केलेल्या खाचांतून नेऊन त्या जागी पिवळी कॅप्टॉन टेप लावली. नंतरच चौथा फ्यूज.

फ्यूजच्या जागी तार लावू नका

याबद्दल मी कडक आहे. फ्यूज मिळाला नाही की तिथं तांब्याची तार जोडून मोकळं होणं बाजारात सर्रास चालतं. उजेड येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण मूळ शॉर्ट तसाच असेल तर काय होईल बघा. ६५ वॉटचा चार्जर १९.५ व्होल्टला ३.३ अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह देतो. तो सगळा त्या केसासारख्या तारांतून धावेल. तारा तापतील, आवरण वितळेल आणि १९ व्होल्ट शेजारच्या डेटाच्या तारांत उतरतील. म्हणजे फ्यूजनं जे वाचवलं असतं तेच जळेल, आणि ते गिऱ्हाइकाच्या मांडीवर. मूळ फ्यूजवर किंवा बोर्डाच्या नकाशात जितके अँपिअर लिहिले असतील तितक्याचाच फ्यूज लावा. भंगार बोर्डावरून काढलेला चालतो, पण त्याचा आकडा जुळला पाहिजे.

फ्यूज चांगला आहे, तरी अंधार

अशा वेळी पॅनल जोडून लॅपटॉप चालू करून मोजावं लागतं. हात स्थिर नसेल तर हे काम जाणकाराकडं द्या, सुई घसरली तर नवा शॉर्ट तुम्हीच कराल. ३० पिनांच्या ईडीपी पॅनलमध्ये (ईडीपी ही आजच्या लॅपटॉपातली पॅनलला चित्र पोचवायची पद्धत) जागा साधारण ठरलेल्या असतात: १२ आणि १३ वर पॅनलचे ३.३ व्होल्ट, १८ ते २१ बॅकलाइटचं ग्राउंड, २२ वर 'चालू हो' हा हुकूम, २३ वर उजेड कमी-जास्त करणारा हुकूम आणि २६ ते २९ वर बॅकलाइटची वीज. पॅनलच्या बोर्डावर या बहुतेकांसाठी मोजायचे ठिपके असतात. सुई तिथंच लावा, सॉकेटच्या पिनांत खुपसू नका.

२२ वर ३.३ व्होल्टच्या आसपास हवेत. शून्य असेल तर झाकणाची ती चुंबकाची आयसी किंवा बोर्डाचा कंट्रोलर बघा. २३ वर जाणारा हुकूम वेगानं चालू-बंद होत असतो, मल्टिमीटर त्याची सरासरी दाखवतो. कीबोर्डवरून उजेड कमी-जास्त करा आणि आकडा बघा. उजेड निम्मा केला की तो दीड-पावणेदोन व्होल्टच्या आसपास यायला हवा. आकडा हलतोय म्हणजे बोर्डानं आपलं काम केलंय, दोष पॅनलमध्ये आहे.

पॅनलवर कॉइलच्या पुढच्या डायोडचं पलीकडचं टोक मोजा. तिथं ३० व्होल्ट किंवा जास्त आले तर आयसी दाब वाढवते आहे आणि एलईडीची पट्टी किंवा तिचा जोड खराब आहे. आत येतात तितकेच व्होल्ट तिथं दिसले तर आयसी कामच करत नाही. चालू करताना स्क्रीन सेकंदभर उजळते आणि विझते, असंही काही पॅनलमध्ये दिसतं. तिथं आयसीला एलईडीच्या साखळीत गडबड दिसते आणि ती स्वतःच बंद होते. अशा वेळी आयसी बदलून काही मिळत नाही.

एलईडीची पट्टी बदलता येते, मी केलेलीही आहे. पण त्यासाठी पॅनलचे थर सुटे करावे लागतात. काचेच्या कडेला चिकटलेल्या कागदासारख्या पातळ फिती जरा ओढल्या तरी फाटतात, आणि थरांत गेलेला धुळीचा एक कण कायमचा डोळ्यांत सलत राहतो. म्हणून तिथं मी पॅनलच बदला असं सांगतो. नवं घेताना जुन्याच्या पाठीवरचा पूर्ण नंबर बघून घ्या. इंच जुळले एवढ्यावर जाऊ नका. पिना ३० की ४०, रेझोल्यूशन किती, कडेला स्क्रू लावायचे कान आहेत की नाहीत, सॉकेट कुठल्या बाजूला, हे सगळं जुळावं लागतं. ४० पिनांचं सॉकेट जुन्या पद्धतीच्या, एलव्हीडीएस पॅनललाही असतं आणि काही ईडीपी पॅनललाही. दिसायला सारखं म्हणून लावलं तर नवं पॅनलच जळू शकतं.

२०१० च्या आधीचे लॅपटॉप अजूनही एखाद्या पतसंस्थेच्या कोपऱ्यातून येतात. त्यांत एलईडीऐवजी पेन्सिलीच्या शिशासारखी बारीक ट्यूब असते आणि तिला पेटवायला इन्व्हर्टरची छोटी पट्टी. चालू केल्यावर आधी गुलाबी-लालसर उजेड येऊन मग विझत असेल तर ट्यूब म्हातारी झाली. त्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी शेकडो व्होल्ट असतात आणि ट्यूबमध्ये पारा. चालू असताना हात लावू नका, ट्यूब फोडू नका.

ओल लागली असेल तर

पावसात भिजलेला किंवा चहा सांडलेला लॅपटॉप 'बघू चालतो का' म्हणून चालू करू नका. पाणी उतरत उतरत पॅनलच्या खालच्या कडेला साठतं, आणि बॅकलाइटची आयसी बरोबर तिथंच बसलेली असते. चार्जर काढा, जमत असेल तर बॅटरी सोडवा आणि उघडा करून पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरून काही साधत नाही, कणीच आत जाते. वाळल्यावरही गंज राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं सॉकेटच्या पिनांवरून काढावा लागतो. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर दोनदा धुवा. पावसाळ्यात लॅपटॉप भिंतीला लागून असलेल्या कपाटात बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर वापरलेला बरा, त्याच्याच उबेनं आतली ओल निघते.

दुरुस्तीला नेताना तंत्रज्ञाला चार गोष्टी सांगा, निम्मं काम तिथंच होतं. उजेड हळूहळू कमी होत गेला की एका क्षणात. झाकण हलवताना गेला की नुसता ठेवला असताना. आधी कुणी उघडला होता का. आणि रोज कुठं, कसं बसून वापरता. आमच्या काउंटरवर कुणी कानडीत "लाइट बरवल्दु री" (लाइट येत नाही हो) म्हणून येतं, कुणी "डिस्प्ले गेलाय" म्हणून. दोघांनाही मी आता हा चौथा प्रश्न आवर्जून विचारतो. आधी विचारत नव्हतो.

केबल आल्यावर त्या मायलेकींना बोलावून घेतलं. लॅपटॉप टेबलावर चालवून दाखवला, पण त्यावर माझं समाधान नव्हतं. मुलीला म्हटलं, "घरी बसतेस तशीच बस बघू." ती थोडी लाजली, मग चप्पल काढून काउंटरच्या आत भिंतीला टेकून खाली बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला, झाकण पार मागं ढकललं, तिच्या विषयाचा एक व्हिडिओ लावला. मी घड्याळ लावून अर्धा तास तिला तसंच बसवलं. मधून मधून झाकण मिटायला आणि उघडायला सांगत होतो. आई शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत स्क्रीनकडंच बघत होती. अर्ध्या तासानं मी फ्यूजवर सुई लावली, बीप आला. मग पावती केली. त्यावर फक्त केबलचे पैसे लिहिले.